दमा उसळला की: पंपावर किती वेळ थांबायचं, हॉस्पिटल कधी गाठायचं

घरात कुणाला नुकतंच दम्याचं निदान झालं असेल, तर डॉक्टरांनी बहुतेक दोन पंप (इन्हेलर) लिहून दिले असतील आणि निघताना ‘त्रास वाढला तर लगेच या’ असं सांगितलं असेल. वाढला म्हणजे किती आणि लगेच म्हणजे केव्हा, हे विचारायचं राहून जातं. मग एखाद्या रात्री दोन वाजता माणूस पलंगाच्या कडेला बसून धापा टाकत असतो, घरचे विचारतात ‘जायचं का?’, आणि तो हातानेच ‘नको, होईल कमी’ अशी खूण करतो. सगळे सकाळची वाट बघत बसतात.

ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची एक सविस्तर तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. १९५ मृत्यू तपासले, त्यांपैकी ८७ जणांनी एकतर वैद्यकीय मदत मागितलीच नव्हती किंवा मदत मिळण्याआधीच ते गेले. मरण पावलेल्यांत ‘सौम्य’ किंवा ‘मध्यम’ दमा समजले गेलेलेही बरेच होते. आपल्याकडचं चित्र याहून वाईट आहे. २०१९ च्या जागतिक अंदाजांनुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४२ टक्क्यांच्या आसपास आहे. आजार तोच, औषधंही तीच. नियमित औषध न घेणं आणि हॉस्पिटल गाठायला उशीर करणं, हे दोन्ही आपल्याकडे फार चालतं.

म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून टाका. हॉस्पिटलला जायचं की नाही, हे रुग्णाच्या हिमतीवर किंवा घरच्यांच्या अंदाजावर सोडायचं नाही. पंप दिल्यावर काय झालं, त्यावर ठरवायचं.

आधी हे समजून घ्या: पंप काय करतो, काय करत नाही

दम्याचा झटका येतो तेव्हा श्वासनळ्यांत तीन गोष्टी घडतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आकसतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साचतो. झटक्यात वापरायचा पंप, म्हणजे अस्थालिन किंवा लेव्होलिनसारखा साल्ब्युटामॉल गटातला, यांपैकी फक्त पहिली गोष्ट सोडवतो. काही मिनिटांत स्नायू सैल होतात, वाट मोकळी होते, बरं वाटतं. सूज मात्र होती तिथेच असते. सूज उतरवण्याचं काम स्टिरॉइडचं, आणि तोंडाने किंवा शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडलाही परिणाम दाखवायला काही तास लागतात.

हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. सूज वाढत असेल तर पंपाचा असर कमी कमी वेळ टिकू लागतो. काल सहा तास पुरत होता, आज तीन तास, संध्याकाळी तासभर. पंपाने बरं वाटतंय ना, मग कशाला जायचं, असं म्हणत माणूस पंप मारत राहतो आणि आत सूज वाढत राहते. पंप पुरेनासा होणं हीच सूज वाढल्याची खूण आहे.

शांत दिवसात करून ठेवायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, दोन पंपांतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे. रोजचा पंप (बुडेकॉर्टसारखा स्टिरॉइडचा) सूज दाबून ठेवतो. तो झटक्यात उपयोगी नाही. झटक्याचा पंप वेगळा. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीप्रमाणे बदलतात. सरळ मार्करने पंपावर ‘रोज’ आणि ‘झटका’ असं लिहा. फोराकॉर्टसारख्या पंपात स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असतं, आणि हल्ली बरेच डॉक्टर तोच पंप रोजसाठी आणि झटक्यासाठीही देतात. हे दर रुग्णाप्रमाणे ठरतं, त्यामुळे ‘झटक्यात कोणता, एका वेळी किती, दिवसात जास्तीत जास्त किती’ हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारून उत्तरं लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, स्पेसर. पंपाच्या तोंडाला लावायची ती प्लास्टिकची नळकांडी अनेकांना लहान मुलांची वाटते. धाप लागलेली असताना पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणी जुळत नाही, औषध जिभेवर आणि घशात बसतं. स्पेसरमध्ये ते तरंगत राहतं आणि माणूस आपल्या गतीने ओढू शकतो. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडायचं आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायचा. हा जुगाड मुलांवर तपासून पाहिलेला आहे आणि चालतो.

रोटाहेलरमध्ये कॅप्सूल टाकून पावडर ओढणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. त्याला जोरात श्वास ओढावा लागतो आणि मोठ्या झटक्यात नेमकी तीच ताकद नसते. आणीबाणीसाठी फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर घरात असावा, याबद्दल डॉक्टरांशी बोला.

तिसरी गोष्ट, रात्री दोन वाजता चालू असणारं, ऑक्सिजन असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते शोधून ठेवा. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना रात्री नऊला बंद होतो. गावात असाल तर ग्रामीण रुग्णालय किती लांब, उपजिल्हा रुग्णालय किती लांब, रस्ता पावसाळ्यात चालू असतो का, हे आशाताईंना विचारलं तरी कळेल. कोकणात किंवा घाटाखाली राहणाऱ्यांना दीड-दोन तासांचा प्रवास असेल, तर खाली सांगितलेली प्रत्येक मर्यादा त्यांनी स्वतःसाठी अलीकडे आणावी. शहरातला माणूस ज्या टप्प्यावर गाडी काढेल, त्याच्या एक टप्पा आधी त्यांनी निघालेलं बरं.

हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

झटक्याच्या आधीचे दिवस

दमा सहसा अचानक कोसळत नाही. दोन-चार दिवस आधीपासून सांगत असतो. रात्री तीन-चारच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊन जाग येते. जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. आठवड्यात एखादेवेळी लागणारा पंप रोज लागतो. सर्दी-पडसं छातीत उतरल्यासारखं वाटतं. दिवाळीतल्या फटाक्यांचा धूर, मळणीची धूळ, पावसाळ्यात ओल धरलेली भिंत, डासांची कॉइल, गाजर गवताचा फुलोरा, देवघरातली धूप-उदबत्ती, यांतलं जे तुम्हाला बाधतं, त्याच्यानंतरचे दोन दिवस तर डोळ्यांत तेल घालून काढायचे.

या टप्प्यावर इमर्जन्सी नाही, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठायचं. रोजचा पंप चुकत असेल तर आधी तो सुरू करायचा. पंपाची सवय लागते म्हणून तो मध्येच सोडणारे घरोघरी आहेत. झटक्याच्या पंपावरच दिवस काढणं आणि रोजचा स्टिरॉइड पंप टाळणं, याने जिवाचा धोका वाढतो. महिन्याला झटक्याचा एक पंप संपत असेल, तर बाहेरून माणूस ठीक दिसत असला तरी तो धोक्याच्या गटात आहे.

झटका आला: पहिली दहा-वीस मिनिटं

माणसाला ताठ किंवा किंचित पुढे वाकून बसवा. हात मांडीवर किंवा समोरच्या टेबलावर टेकले की बरं पडतं. आडवं झोपवू नका. गळ्याजवळचं बटण, घट्ट पदर, ओढणी सैल करा. खिडकी उघडा. भोवती गर्दी करू नका, वारा घालायला एक माणूस पुष्कळ.

पंप हलवा, स्पेसरला लावा, एक फवारा मारा आणि चार-सहा श्वास सावकाश घ्यायला सांगा. मग पुन्हा पंप हलवून दुसरा फवारा. स्पेसरमध्ये एकदम चार फवारे मारून ठेवायचे नाहीत. मोठ्या माणसासाठी साल्ब्युटामॉलचा पंप असेल तर अर्ध्या ते एक मिनिटाच्या अंतराने एकेक फवारा, गरज लागेल तसे जास्तीत जास्त दहा. फॉर्मोटेरॉल असलेला एकत्र पंप झटक्यासाठी सांगितला असेल, तर त्याचा हिशेब वेगळा आहे. एक ते तीन मिनिटांच्या अंतराने एकेक, एका वेळी सहापेक्षा जास्त नाही. डॉक्टरांनी कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. पुढे हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न तोच येतो.

आता पंपाने काय केलं ते बघा.

पंपाने पूर्ण आराम पडला, माणूस नीट बोलू लागला आणि हा आराम चार तासांहून जास्त टिकला, तर घरीच थांबा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटा. आराम पडला पण चार तासांच्या आत पुन्हा पंप लागला, तर त्याच रात्री हॉस्पिटल. फवारे संपले तरी आराम नाही, किंवा मध्येच त्रास वाढतोय असं दिसलं, तर १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत दहा मिनिटांनी पुन्हा त्याच पद्धतीने पंप सुरू करा. आता हात-पाय थरथरतील, छातीत धडधडेल. तो पंपाचाच परिणाम आहे, त्या भीतीने पंप थांबवायचा नाही.

घरी नेब्युलायझर असलेल्यांचा एक वेगळा घोटाळा होतो. यंत्र आहे, वाफ निघते, औषध जातंय असं दिसतं, म्हणून दर तासाला एक असं करत पहाट होते. स्पेसर लावलेला पंप आणि नेब्युलायझर यांचं काम जवळपास सारखंच आहे. पंपाने न भागलेलं काम घरच्या यंत्रावर ढकलत बसू नका. वरचेच नियम त्यालाही लागू.

पंपाची वाट न बघता निघायचं, ते केव्हा

सगळ्यात भरवशाची चाचणी बोलण्याची. माणसाला विचारा, ‘आज सकाळपासून काय काय खाल्लं?’ उत्तर एका श्वासात पूर्ण वाक्यात आलं तर वेळ आहे. दोन-तीन शब्दांनी श्वास घ्यावा लागला, ‘चहा... पोळी...’ असं तुटक आलं, तर झटका तीव्र आहे. ‘हो-नाही’ मध्ये फसू नका. ते कुणालाही एका श्वासात जमतं.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त, नाडी ११० किंवा त्याहून जास्त, मानेचे स्नायू ताणलेले, गळ्याखालचा खळगा आणि फासळ्यांमधली जागा दर श्वासाला आत ओढली जातेय, बसल्याशिवाय श्वासच घेता येत नाही, यांतलं काहीही दिसलं तर पंप देत देतच निघायचं. श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट मोजा, आणि त्याला सांगू नका. सांगितलं की श्वासाची गती बदलते.

याच्या पुढची लक्षणं आली तर प्रत्येक मिनिट मोलाचं. ओठ, जीभ किंवा नखं निळसर-करडी पडणं. सावळ्या रंगाच्या माणसात ओठांवर हे नीट कळत नाही, म्हणून जीभ आणि हिरड्या बघा. गुंगी येणं, भलतंच बोलणं, घाबराघुबरा माणूस एकाएकी शांत होऊन डोळे मिटू लागणं. आणि घरघर थांबणं.

या शेवटच्या लक्षणाने फार घरं फसतात. छातीतली घरघर थांबली, सुंसुं आवाज येईनासा झाला, की घरच्यांना हायसं वाटतं. आवाज यायला नळ्यांतून हवा फिरावी लागते. हवाच जात नसेल तर आवाज कुठून येणार? घरघर थांबली आणि माणूस बोलू लागला, गालांवर तरतरी आली, तर उतार आहे. घरघर थांबली आणि माणूस आणखी थकला, मान टाकू लागला, तर जीव धोक्यात आहे. डॉक्टर या अवस्थेला ‘सायलेंट चेस्ट’ म्हणतात आणि ती दिसली की त्यांचीही धावपळ सुरू होते.

यंत्रांवर किती विश्वास ठेवायचा

कोविडनंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. आकडा ९२ च्या खाली असेल तर चर्चा न करता हॉस्पिटल. ९२-९४ च्या मध्ये घुटमळत असेल आणि पंपाने वर येत नसेल तरी हॉस्पिटल. आकडा ९६ दिसतोय म्हणून घरी थांबणं मात्र चूक. दम्यात ऑक्सिजन बराच उशिरा घसरतो, कारण माणूस जिवाच्या आकांताने श्वास घेऊन तो टिकवून धरत असतो. बोलता येत नसेल तर ९६ ला काही अर्थ नाही. शिवाय थंड बोटं, नेलपॉलिश, गडद मेंदी यांनी यंत्र चुकतं, आणि सावळ्या त्वचेवर ते कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं.

पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारी नळी, ही त्याहून उपयोगी पण आपल्याकडे दुर्लक्षित वस्तू. तब्येत चांगली असताना फुंकून स्वतःचा सर्वोत्तम आकडा काढून ठेवायचा. त्याच्या ५० टक्क्यांच्या खाली आलात तर झटका तीव्र, ३३ टक्क्यांच्या खाली आलात तर जिवाला धोका. समजा एरवी ४२० येतो आणि आज पंपानंतरही २०० च्या वर जात नाही, तर निघा. फुंकायलाच जमत नसेल तर तीन-तीनदा प्रयत्न करायला लावू नका, तेच उत्तर आहे.

लहान मुलं

मुलांत बोलण्याची चाचणी नेहमी चालत नाही, म्हणून पोट आणि छाती बघायची. अंगातला कपडा काढा. पोट उडतंय, फासळ्यांखाली खळगे पडतायत, नाकपुड्या फुलतायत, दर श्वासाला डोकं हलतंय, तर हॉस्पिटल. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० च्या वर, पाच वर्षांपुढच्याचा ३० च्या वर असेल तरीही. तान्हं बाळ दूध ओढेनासं झालं, ओढता ओढता सोडून देऊ लागलं, तर ते बोलता न येण्यासारखंच समजा. किरकिरणारं मूल निपचित पडलं तर झोप लागली असं मानू नका, हाक मारून उठवून बघा.

पाच वर्षांखालच्या मुलाला स्पेसर आणि मास्क लावून दोन फवारे द्या, गरज पडल्यास वीस-वीस मिनिटांनी आणखी दोन वेळा तेवढेच. पहिल्या दोन तासांत सहापेक्षा जास्त फवारे लागत असतील, किंवा आराम दर वेळी कमी वेळ टिकत असेल, तर घरी उपाय करत बसू नका. वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि काही तासांत पंप पुन्हा पुन्हा लागत असेल, तर थेट बालरोगतज्ज्ञ किंवा हॉस्पिटल.

खेळता खेळता, काही तोंडात असताना अचानक ठसका लागून धाप सुरू झाली असेल, तर तो दमा नसेलही. आपल्याकडे शेंगदाणा आणि हरभऱ्याचा दाणा श्वासनळीत अडकणं काही नवीन नाही. अशा वेळी पंपावर वेळ घालवू नका.

काहींनी थांबूच नये

पूर्वी कधी दम्यासाठी आयसीयूत किंवा व्हेंटिलेटरवर राहिलेला माणूस, गेल्या वर्षभरात दम्यासाठी ॲडमिट झालेला, नुकत्याच स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेला किंवा नुकत्याच थांबवलेला, रोजचा पंप घेतच नसलेला, घरी एकटा राहणारा. यांनी ‘थोडं बघू’ हा टप्पाच वगळावा. गरोदर बाईला धाप लागली तर पंप बाळाला बाधेल म्हणून टाळू नका. आईला कमी पडणारा ऑक्सिजन बाळाला पंपापेक्षा कितीतरी जास्त बाधतो. पंप द्या आणि लवकर निघा.

दोन परिस्थितींत सगळा हिशेब बदलतो. कोळंबी, शेंगदाणा असं काही खाल्ल्यावर, मधमाशी चावल्यावर किंवा एखादी गोळी-इंजेक्शन घेतल्यावर धापेबरोबर अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, उलट्या झाल्या, चक्कर आली, तर ही तीव्र ॲलर्जी आहे. हिला हॉस्पिटलमधलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. पंप द्या, पण त्यावर थांबू नका. आणि पन्नाशीपुढच्या माणसाला छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटून धाप लागली, किंवा आडवं पडलं की दम कोंडू लागला, तर दम्याचा जुना रुग्ण असला तरी हृदयाचा विचार आधी.

घरात होणाऱ्या चुका

डोक्यावरून चादर घेऊन वाफ घेणं, कापूर हुंगवणं, छातीला बाम चोळणं, हे सर्दीला ठीक. झटक्यात त्याने वेळ जातो, उग्र वासाने काहींचा त्रास वाढतो, आणि गरम पाण्याने भाजलेली मुलं हॉस्पिटलांत येतात ती वेगळीच. धाप लागलेल्या माणसाला हळद-दूध किंवा पाणी बळेबळे पाजू नका. घाबरलाय म्हणून झोपेची किंवा शांत होण्याची गोळी देणं तर जिवावर बेतू शकतं, कारण श्वासाची धडपडच त्याला जगवत असते. अंगदुखीची ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातली गोळी काही दमेकऱ्यांत झटका आणते. ताप असेल तर पॅरासिटामॉल बरी.

आमच्याकडे आणखी एक प्रथा आहे: गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन ‘एक सुई’ घेऊन येणं. थिओफायलिन गटातल्या त्या इंजेक्शनाने तासभर मोकळं वाटतं, माणूस घरी येऊन झोपतो आणि पहाटे पुन्हा उठून बसतो, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि स्टिरॉइड नसलेल्या ठिकाणी तीव्र झटक्याचा उपचार होत नाही, हे लक्षात घेऊन गाडी कुठे वळवायची ते ठरवा. दम्यावर उपाय म्हणून मृगाला हैदराबादला औषध भरलेला मासा गिळायला जाणारेही आपल्यात बरेच आहेत. श्रद्धेवर मी वाद घालणार नाही. पंप आणि स्पेसर मात्र पिशवीत असू द्या, आणि तिथून आल्यावर रोजचा पंप बंद करू नका.

निघताना

महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे. फोनवर लांबण लावू नका. ‘दम्याचा झटका आहे, पंपाने उतार नाही, बोलता येत नाही’ एवढं आधी सांगा, मग पत्ता आणि जवळची खूण. गाडीत ऑक्सिजन असतो, हा तिचा मोठा फायदा. शहरात गाडीला वेळ लागणार असेल आणि हॉस्पिटल दहा मिनिटांवर असेल, तर रिक्षाने किंवा शेजाऱ्याच्या गाडीने जाणं शहाणपणाचं. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही, आणि बाइकवर मध्ये बसवून न्यायचं तर अगदीच दुसरा उपाय नसेल तेव्हाच. रस्त्यात पंप चालू ठेवा. सोबत सगळे पंप, जुने कागद, आधार कार्ड आणि ॲलर्जी असलेल्या औषधांचं नाव घ्या. उरलेलं सामान मागून येईल.

परदेशात राहणाऱ्यांनी तिथला आणीबाणीचा नंबर मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवावा. आईवडील सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांच्या औषधांची मूळ नावं लिहून ठेवा. अस्थालिन म्हटलं तर तिथल्या डॉक्टरला कळेलच असं नाही, साल्ब्युटामॉल म्हटलं तर बहुतेक ठिकाणी कळतं, अमेरिकेत त्यालाच अल्ब्युटेरॉल म्हणतात.

कॅज्युअल्टीत

केसपेपरच्या रांगेत रुग्णाला उभं करू नका. एकाने रांगेत थांबायचं, दुसऱ्याने रुग्णाला थेट आत न्यायचं आणि ‘दमा आहे, बोलता येत नाही’ असं मोठ्याने सांगायचं. आणीबाणीतल्या माणसाचा जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, कागदपत्रं नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे. डिपॉझिटची भाषा सुरू झाली तर हे शांतपणे सांगता येतं.

आत गेल्यावर ऑक्सिजन लागतो, पहिल्या तासात साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमचं नेब्युलायझेशन दोन-तीनदा होतं, आणि स्टिरॉइड गोळी किंवा इंजेक्शनमधून दिलं जातं. गिळता येत असेल तर गोळीही इंजेक्शनाइतकीच काम करते, म्हणून ‘नुसती गोळीच दिली’ असं वाटून घेऊ नका. तेवढ्याने भागलं नाही तर मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून देतात. एक-दोन तासांनी पुन्हा तपासून घरी सोडायचं की ॲडमिट करायचं ते ठरतं. पहिल्या नेब्युलायझेशननंतर बरं वाटलं म्हणून ‘आता जातो’ असा हट्ट धरू नका. स्टिरॉइडचा असर अजून सुरूही झालेला नसतो.

घरी आल्यावर

स्टिरॉइडच्या गोळ्या मोठ्यांना साधारण पाच ते सात दिवस देतात. तिसऱ्या दिवशी मोकळं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायचा. पुन्हा झटका येण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांत जास्त असते, म्हणून दोन-तीन दिवसांत नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घ्या, मुलांसाठी एक-दोन दिवसांतच. जाताना पंप बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. वर्षानुवर्षं पंप घेणाऱ्यांचीही पद्धत चुकलेली निघते, आणि ती दोन मिनिटांत सुधारता येते.

त्याच भेटीत फ्रिजवरचा कागदही बदलून घ्या: रोजचा पंप वाढवायचा का, स्टिरॉइडच्या गोळ्या घरी ठेवायच्या का आणि त्या कोणत्या टप्प्यावर सुरू करायच्या. झटक्याच्या पंपात किती फवारे उरलेत, हे त्यावरच्या आकड्यावरून बघा. आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख चिकटवा. पंप पाण्यात टाकून तरंगतो का हे पाहण्याने काही कळत नाही. हलवल्यावर आवाज आला म्हणजे औषध आहे असंही नाही, शेवटी नुसता वायू उरलेला असतो. म्हणून दुसरा पंप पहिला संपायच्या आधीच घरात आणून ठेवा.